बिग बेंड, स्प्रिंग ब्रेक आणि उलटा गड

कोथिंबीरवडी:
फेब्रुवारीत इथेच विचारलं होतं की मार्चच्या सुट्टीत सासूसासरे आणि दोन मुलं घेऊन बिग बेंडला (टेक्सासमधलं, मेक्सिकोच्या सीमेवरचं नॅशनल पार्क) जावं का. तेव्हा बऱ्याच जणांनी माहिती दिली, एकदोघांनी नका जाऊ असंही सांगितलं. तर जाऊन आलो, सगळे धडधाकट परत आलो. मधली एक दुपार मात्र वाईट गेली, ती पण लिहिणारे, कारण नुसतं किती सुंदर होतं हे सांगून कोणाच्या काय कामाचं.

आम्ही राउंड रॉकला, ऑस्टिनच्या जरा वर. नवरा, मी, लेक १२ ची, मुलगा ८ चा आणि डिसेंबरात पुण्याहून आलेले आई-बाबा, म्हणजे सासूसासरे. बाबा ६८. दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, पंचवीसेक वर्षं न चुकता. त्यांच्यासमोर "ही ट्रेल अवघड आहे हं" म्हटलं की ते नुसते हसतात, बोलत काही नाहीत. हे हसणं लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

पहाटे पाचला निघालो. २९० ने फ्रेडरिक्सबर्ग, मग आय-१०, फोर्ट स्टॉक्टनला खाली वळून ३८५ ने मॅरेथॉन. गावाचं नाव खरंच मॅरेथॉन आहे, बाबा म्हणाले नाव ठेवणाऱ्याने आधी गाडी चालवून बघितलेली दिसते. तिथे टाकी फुल करा, कारण तिथून पँथर जंक्शनच्या व्हिजिटर सेंटरपर्यंत जवळजवळ ७० मैल आणि मधे काहीही नाही, म्हणजे अक्षरशः काहीही नाही, पाच मैल झाले की एक गाडी समोरून येते आणि ड्रायव्हर दोन बोटं उचलून नमस्कार करतो. मुलं, म्हातारी माणसं, शी-शू, दशम्या-चटणी असं सगळं धरून आम्हाला नऊ तास लागले.

पार्कच्या आत गेल्यावर आई खिडकीतून बराच वेळ बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "अगं हे तर फड्या निवडुंग आणि घायपात. हे बघायला नऊ तास? आमच्या सासवडच्या रस्त्याला आहे की." 😄

आतलं लॉज तेव्हा वर्षभर आधी भरायचं, कॅम्पसाइट सहा महिने आधी उघडतात आणि स्प्रिंग ब्रेकच्या तर लगेच जातात. म्हणून बाहेर टर्लिंग्वाला घर घेतलं होतं. टर्लिंग्वा म्हणजे एकेकाळचं पाऱ्याच्या खाणीचं गाव, हिंगूळ खणायचे आणि भाजून पारा काढायचे, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते सगळं बंद पडलं. आता पडक्या दगडी भिंती, एक जुनी दफनभूमी आणि भोवती आमच्यासारखे टुरिस्ट. तिथून पार्कमधल्या चिसोस डोंगरांतल्या बेसिनपर्यंत पाऊण-एक तास.

बाकीचं रात्री लिहिते, मुलाला स्विमिंगला सोडायचंय.

झुळूक:
वाचतेय वाचतेय! सासवडच्या रस्त्याला 😂😂 माझ्या आईने ग्रँड कॅन्यन बघून "छान आहे पण पाणी लांब आहे" म्हटलं होतं.

पावकिलो:
आईंना सांगा की उलटं आहे, निवडुंग आणि घायपात दोन्ही मूळचे तिकडचेच, अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेत. सासवडचं निवडुंग माहेरी नेऊन दाखवलंत तुम्ही.

ह्यूस्टनची_मावशी:
आम्ही दोनदा गेलोय, दोन्ही वेळा नोव्हेंबरात. मार्चमधे पार्किंग मिळतं का पण? मधल्या आठवड्यात तर वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी असते असं रेंजरच म्हणाला होता.

कोथिंबीरवडी:
@पावकिलो, सांगितलं. त्या म्हणाल्या म्हणूनच इथलं जरा बारीक दिसतंय, जावयासारखं नाही, लेकीसारखं 😄

@मावशी, पार्किंगनेच घात केला. आता तेच लिहिते.

पहिल्या दिवशी लॉस्ट माइन नावाची ट्रेल केली. तो शहाणपणा आम्हाला जमला, साडेसहाला घरातून निघालो, अंधारात. तरी पोचेपर्यंत गाड्या लागायला सुरुवात झालेलीच होती. जाऊन येऊन ४.८ मैल, चढ साधारण ११०० फूट. आधी चढ मग उतार, म्हणजे आपल्या सवयीचं. आई पहिल्या मैलावरच्या खिंडीपर्यंत आल्या, तिथूनच समोर एवढी मोठी दरी उघडते की त्यांचं काम झालं, त्या तिथे दगडावर बसून मोबाईलमधली विष्णुसहस्रनामाची पीडीएफ वाचत बसल्या. बाबा टोकापर्यंत, मुलांच्या पुढे. वर पोचल्यावर घड्याळ बघून म्हणाले, सिंहगडापेक्षा सोपा.

दुसऱ्या दिवशी मुलं उठेनात. नवरा म्हणाला सुट्टी आहे झोपू दे. नाश्त्याला पोहे, परत चहा, दहाला बेसिनचा रस्ता. आणि तिथे गाड्यांची रांग, एक गाडी बाहेर आली की एक आत सोडत होते. पाऊण तास रांगेत. आत जाऊन चालायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

ट्रेल होती विंडो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: बेसिन म्हणजे डोंगरांनी वेढलेला वाडगा, ५४०० फुटांवर. वाडग्याच्या पश्चिमेच्या कडेला एक खाच आहे, ती विंडो. बेसिनमधे पडलेलं सगळं पावसाचं पाणी त्या एका खाचेतून बाहेर जातं. म्हणजेच पाणी जातं तिकडे चालायचं, म्हणजेच सगळा उतार. जाऊन येऊन ५.६ मैल आणि जवळपास १००० फूट खाली. आईंनी वरूनच खाली वाट बघितली आणि म्हणाल्या मी लॉजच्या व्हरांड्यात बसते, तुम्ही या.

बाकी आम्ही पाच जण. पाणी? प्रत्येकी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. हो. माहितीये. ओरडा नंतर.

उतरताना इतकी मजा आली काय सांगू. हवा गार, निळे 'जे' नावाचे पक्षी, खाली ओढ्याच्या कडेने ओकची झाडं, शेवटी शेवटी दगडात कोरलेल्या पायऱ्या. मुलं पळत होती. शेवटी ती खाच. दगड पाण्याने घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की बुटाला पकड नाही, बारीकशी धार वाहत होती, आणि ती धार जिथे संपते तिथे पुढे काहीच नाही, दोनशे फुटांपेक्षा जास्त सरळ खाली. कठडा नाही, दोरी नाही. समोर खिडकीच्या चौकटीसारखं दोन्हीकडे खडक आणि मधे लांबपर्यंत वाळवंट. मी मुलाच्या टीशर्टची कॉलर मुठीत धरून होते, फोटोत पण ती मूठ आली आहे.

तिथे पाऊण तास बसलो. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, लेकीच्या सॅकमधले चिप्स. बाबा म्हणाले, "हे तर काहीच नव्हतं." आणि हसले.

रानवाट:
इथपर्यंत वाचूनच माझ्या पोटात गोळा आलाय. साडेअकरा. एक लिटर. आणि ६८ वर्षं. पुढे लिहा.

कोथिंबीरवडी:
लिहिते.

परत फिरलो तेव्हा सव्वादोन. पहिला भाग झाडीतला, तो ठीक गेला. मग झाडी संपते आणि उघड्यावर चढ सुरू होतो, खुरटी झुडपं, सावली म्हणून नाही. आणि एक गोष्ट तोपर्यंत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. सह्याद्रीत घाम आला की कळतं, शर्ट चिकटतो, डोळ्यात जातो. इथे हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो, अंग कोरडंच. बाबांच्या काळ्या टोपीवर कपाळाच्या बाजूने पांढरी रेघ उमटली होती, मला वाटलं धूळ असेल. बोटाने पुसायला गेले तर मीठ.

मग ते मागे पडायला लागले. बाबा कधी मागे नसतात. एकदा बुटाची नाडी बांधायला थांबले, मग परत तीच नाडी बांधायला थांबले. तिसऱ्यांदा वाटेच्या कडेच्या दगडावर बसले आणि उजव्या पोटरीत गोळा आला, असा की पाय लांब करता येईना. तोंडाने एक शब्द नाही. हे सगळ्यात भीतीदायक होतं, कारण बाबा एरवी गप्प बसत नाहीत, दगड कोणता, झाड कोणतं, महाराज इथून आले असते तर काय केलं असतं, सगळं चालू असतं.

पाणी प्या म्हटलं तर "प्यायलो". बाटली दाखवा म्हटलं तर सॅक पुढे करेनात. लेकीनेच चेन उघडली. दोन्ही बाटल्या रिकाम्या आणि आतून कोरड्या ठणठणीत. खाली विंडोपाशी बसलो होतो तेव्हा मुलगा सारखा तहान तहान करत होता, तेव्हा बाबांनी गुपचूप आपलं पाणी त्याच्या बाटलीत ओतलं होतं. मुलाने मग सांगितलं, "आजोबा म्हणाले मम्माला सांगू नकोस."

उरलेलं सगळं मिळून पाऊण बाटली असेल. ती बाबांना दिली. नवरा पाणी आणायला एकटा वर गेला, मी, मुलं आणि बाबा एका बुटक्या झाडाच्या कशाबशा सावलीत. फोनला रेंज नाही. मी मनात हिशोब करत होते, हा वर जाणार पाऊण तास, खाली येणार अर्धा तास. पंधरावीस मिनिटांनी खालून दोन कॉलेजची मुलं चढत आली, त्यांच्याकडे पाठीवर पाण्याच्या पिशव्या. त्यांनी न विचारताच एक बाटली भरून दिली, मीठ-साखरेची पावडर दिली, खारे शेंगदाणे दिले. बाबांचं "नो नो, थँक यू, नो" चालूच. शेवटी लेक ओरडली, "आजोबा, घ्या ना!" आणि रडायलाच लागली. मग घेतलं.

थोड्या वेळाने वरून नवरा येताना दिसला, दोन्ही हातात गॅलनचे कॅन. आणि त्याच्यामागे आई! साडी नाही, ट्रॅकपँट आणि वर स्वेटर, हातात कापडी पिशवी. पिशवीत लिंबू, मीठ, साखर, स्टीलचं भांडं, चमचा. त्या भांड्यात वाटेवर बसून सरबत केलं त्यांनी. बाबांना भांडं दिलं आणि म्हणाल्या, "रविवारी वर पोचलात की निम्मं झालेलं असतं आणि खाली यायचं सोपं असतं. इथे खाली पोचलात म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, हे एवढं साधं कसं कळलं नाही तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "साखर जास्त झालीये." तेव्हा कळलं की आता ठीक आहेत.

सावली पडेपर्यंत थांबलो आणि मग हळूहळू, शंभर पावलं चालायची आणि थांबायचं असं करत पावणेसहाला वर.

झुळूक:
बापरे. साखर जास्त झालीये 😭😭 माझे बाबा अस्सेच आहेत.

रानवाट:
आता बोलतो, रागावू नका. मी डॅलसहून दर वर्षी जातो. तुम्ही तीन चुका केल्यात आणि तिन्ही टाळता आल्या असत्या. पार्कवालेच सांगतात माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर, तुम्ही एक घेतलंत. उशीर झाला होता तर विंडो सोडून बेसिनमधली छोटी वाट करायची, विंडो व्ह्यू म्हणून अगदी छोटी फरसबंद वाट आहे, म्हातारी माणसं व्हीलचेअरवर जातात, सूर्यास्त तिथून तसाच दिसतो. आणि ज्याला सवय आहे त्यालाच जास्त धोका असतो, नवखा माणूस घाबरून आधीच परत फिरतो. सिंहगड चढताना दम लागला तर माणूस मागे वळतो आणि उताराने घरी येतो. विंडोला दम लागायच्या वेळी मागे वळणं म्हणजेच चढणं. उलटा गड आहे तो.

कोथिंबीरवडी:
रागावत नाही, सगळं मान्य. "उलटा गड" हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले कोण आहे हा, बरोबर बोलतोय.

सिंहगड_पायथा:
मी पण रविवारवाला, बहुतेक तुमच्या बाबांना तोंडाने ओळखत असेन, ते देवटाक्यापाशी बसतात का? आमच्या ग्रुपात पण एक जण मुलाकडे ॲरिझोनाला गेला तर असंच झालं. इकडे गडावर दर शंभर पावलांवर ताक, लिंबू सरबत, काकडी विकणारी मावशी असते हो, पाणी न्यायची सवयच नसते आपल्याला.

डॉ_कडुलिंब:
दोन शब्द. गोळा आला की हळूहळू ताणायचं, सावलीत बसवायचं, आणि नुसतं पाणी ढोसत राहायचं नाही, घामातून मीठ पण गेलेलं असतं, म्हणून सरबत-शेंगदाणे हे योग्यच झालं. दुसरं, आपल्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते, त्यांचं पाणी अजून लवकर कमी होतं. अशा सहलीआधी आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या, आदल्या रात्री मनाने गोळी बंद करू नका. माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागला, ओकायला लागला तर मात्र सरबत करत बसू नका, सरळ मदत बोलवा.

पावकिलो:
ज्या दोन पोरांनी पाणी दिलं त्यांना काहीतरी द्यायचं होतं की.

कोथिंबीरवडी:
दिलं, तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पाकीट होतं ते दिलं. "स्पायसी क्रॅकर्स?" म्हणत खात खात गेले 😄

दिवाभीत:
एक प्रश्न, जरा विषय सोडून. बोकियासला (रिओ ग्रँड नदीपलीकडचं मेक्सिकोतलं गाव) जायचं का? आम्ही एच-वन वर आहोत, आय-७९७ (मंजुरीचा कागद) आहे पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप संपलाय. नदीपलीकडे फक्त जेवायला जाऊन यायचं तर चालतं का? हाइकची आपल्याला भीती नाही, इमिग्रेशनची आहे.

ह्यूस्टनची_मावशी:
आम्ही ग्रीन कार्डवर जाऊन आलो. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही न्यायचं. खाली नदीवर वल्ह्याची होडी, तेव्हा जाऊन येऊन ५ डॉलर, दोन मिनिटांत मेक्सिको. पलीकडे गावापर्यंत गाढवावरून, घोड्यावरून नाहीतर ट्रकमधून, आम्ही गाढवं घेतली, माझ्या गाढवाला कुठे जायचंय हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. गावात एंचिलाडा, भरतकाम केलेली रुमालं, तारेचे विंचू. परत येताना या बाजूला एक मशीन आहे, त्यावर पासपोर्ट ठेवायचा आणि फोनवर लांब बसलेल्या अधिकाऱ्याशी बोलायचं. सोमवार-मंगळवारी बंद होतं, निघायच्या आधी वेळा बघून घ्या, सीझनप्रमाणे बदलतात. २००२ पासून २०१३ पर्यंत तर हा घाट पूर्णच बंद होता, त्या गावाचे हाल झाले.

रानवाट:
@दिवाभीत, जाऊ नका. ३० दिवसांच्या आत परत आलात तर संपलेल्या स्टँपवर सोडण्याची एक सवलत अमेरिकेच्या बाजूला आहे, पण तिला अटी आहेत. आणि मेक्सिकोचा नियम वेगळा, त्यांना चालू अमेरिकन व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा त्यांचा स्वतःचा व्हिसा लागतो. संपलेला स्टँप त्यात बसत नाही. एका एंचिलाड्यासाठी वकिलाची फी भरायची का.

कोथिंबीरवडी:
आमचाही स्टँप संपलेला, त्यामुळे आम्ही अलीकडेच. बोकियास कॅन्यनची छोटी ट्रेल केली, दीड मैलाच्या आत. तिथे वाटेवर दगडांवर तारेचे विंचू, काठ्या, रंगवलेले दगड मांडून ठेवलेले असतात आणि बाजूला पैसे टाकायला बरणी, माणूस कोणी नाही, नदीपलीकडून बघत असतात. मुलाला विंचू हवाच होता. पण तिथून घेणं बेकायदेशीर आहे, पाटी आहे तशी, घेतला तर जप्त करतात. मुलगा विचारतो, मग दुकान मांडू का देतात? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणि एक महत्त्वाचं, पलीकडे गेला नाहीत तरी कागद जवळ ठेवा! परतीच्या रस्त्यावर, अल्पाइनकडे जा किंवा मॅरेथॉनकडे, बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट लागतं, सगळ्या गाड्या थांबवतात. आमच्या वेळी एक तरुण अधिकारी होता, नीट बोलला. बाबांनी खिडकीतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले दोन पासपोर्ट, त्यांची झेरॉक्स, आय-९४ चं (अमेरिकेत आल्याच्या नोंदीचं) प्रिंट आणि वरून आधार कार्ड असं सगळं दिलं. त्याने आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "नाइस फोटो, सर." आधारवरचा फोटो! नाइस!

झुळूक:
आधारवरचा फोटो नाइस म्हणणारा माणूस पहिल्यांदाच ऐकला 🤣

पावकिलो:
एवढं सगळं करून जायचं कशाला पण? स्मोकीज, झायनसारखी पार्कं सोडून वाळवंटात? सिरियसली विचारतोय.

रानवाट:
सँटा एलेना कॅन्यनसाठी. दोन कोकणकडे समोरासमोर आणून ठेवा आणि मधून नदी सोडा. १५०० फूट उंच भिंती, डावी मेक्सिको, उजवी अमेरिका. ट्रेल जेमतेम पावणेदोन मैलांची.

कोथिंबीरवडी:
+१. सकाळी गेलो. सुरुवातीला टर्लिंग्वा क्रीक ओलांडावा लागतो, पाणी घोट्याएवढंच पण खाली चिखल असा की मुलाचा एक बूट आतच राहिला, बाबांनी खांद्यापर्यंत हात घालून काढला. (आदल्या दिवसानंतर त्यांना काहीतरी पराक्रम हवाच होता.) आत भिंती जवळ येत जातात, मुलांनी "शिवाजी महाराज की" म्हटलं आणि मेक्सिकोने "की, की" म्हटलं.

संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो, नदीच्या अगदी काठाला, जुन्या स्नानगृहाचा फक्त चौथरा उरलाय, त्याचा हौद झालाय. पाणी १०५ फॅरनहाइट. आई पाय सोडून बसल्या आणि उन्हवऱ्याला गेलो होतो तेव्हाचं सांगायला लागल्या. चालून दुखलेल्या पायांना याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि @पावकिलो, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे रात्र. अलास्का-हवाई सोडून बाकीच्या ४८ राज्यांतल्या नॅशनल पार्कांमधे सगळ्यात कमी उजेड इथे आहे म्हणतात. आम्ही सोटोल व्हिस्टाला गाडी लावून बसलो, चंद्राची बारीक कोर मावळायची वाट बघत. मुलांना वाटत होतं आकाशगंगेचा तो मोठा पट्टा दिसेल, पण मार्चमधे तो भाग पहाटेच उगवतो, तेवढा जागरणाचा दम कोणात नव्हता. पण मृग, व्याध, सप्तर्षी सगळं इतकं ठसठशीत की ओळखायलाच वेळ लागला, मधे मधे एवढे जास्तीचे तारे. मग बाबा दक्षिणेकडे बोट दाखवून म्हणाले, तो बघा अगस्ती. मेक्सिकोच्या डोंगरांच्या वर अगदी वीतभर. पुण्यातून चांगला वर दिसतो म्हणे, इथे उत्तरेला आल्यामुळे क्षितिजाला टेकलाय, आमच्या ऑस्टिनच्या घरातून तर झाडांमुळे दिसतच नाही. डिसेंबरात आल्यापासून ते रोज मागच्या अंगणात जाऊन तो शोधत होते, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं शतपावली.

सिंहगड_पायथा:
व्वा. अगस्तीसाठी गाडी काढली असती मी पण.

ह्यूस्टनची_मावशी:
अस्वल दिसलं का?

कोथिंबीरवडी:
नाही. हावेलिना दिसले, रानडुकरासारखे पण छोटे, पाच-सहा जणांचं कुटुंब रस्ता ओलांडून गेलं आणि मागे असा वास ठेवून गेलं की मुलाने नाक धरून "ठेचा करपला" म्हटलं. अस्वलांसाठी बेसिनमधे लोखंडी पेट्या असतात, खाणं त्यात ठेवायचं, गाडीतही उघडं ठेवायचं नाही.

दिवाभीत:
कुत्रा नेता येतो का?

रानवाट:
ट्रेलवर नाही. फक्त रस्ते, पार्किंग, कॅम्पग्राउंड, तेही पट्टा लावून. कुत्र्याला घरी ठेवा.

झुळूक:
वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी आईबाबा येतायत.

कोथिंबीरवडी:
धागा वर काढतेय. आई-बाबा मागच्या आठवड्यात पुण्याला परत गेले. काल रविवार, जेटलॅग असूनही बाबा सिंहगडावर. फोनवर विचारलं कसं काय, तर म्हणाले नेहमीसारखं. मग आईंनी फोन घेतला, आतल्या खोलीत गेल्या आणि हळूच सांगितलं की ह्यावेळी दोन लिटरची बाटली घेऊन गेले होते आणि कोणीतरी देवटाक्यापाशी ह्यांना विचारत होतं, तुम्ही तेच का उलटा गडवाले.

@सिंहगड_पायथा, तुम्हीच ना?

सिंहगड_पायथा:
😇 पाणी मात्र मला नाही दिलं त्यांनी.

पावकिलो:
फोटो कुठायत??